जाळ्यात आलेली मासळी आणि तिचा हिशेब : उजनी जलाशयातील टाकाऊ पकडीचा प्रश्न

मासेमारीचे उत्पन्न आपण बाजारात आलेल्या मासळीवरून मोजतो. किती टन मासळी उतरली, तिला कोणता भाव मिळाला आणि तिच्यावर किती कुटुंबांची उपजीविका चालली, या गोष्टींची नोंद अहवालांतून होते. परंतु जाळ्यात आलेली सर्वच मासळी बाजारापर्यंत पोहोचत नाही. आकाराने लहान म्हणून, भाव नाही म्हणून, खाण्यास अयोग्य म्हणून किंवा होडीत जागा नाही म्हणून तिच्यातील काही भाग पाण्यात परत टाकला जातो अथवा काठावरच फेकून दिला जातो. या मासळीचा उल्लेख कोणत्याही वहीत सापडत नाही. ज्या हानीची नोंद नाही तिच्यावर उपायही योजला जात नाही, हे या प्रश्नाचे मर्म आहे.

हा प्रश्न केवळ समुद्रकिनाऱ्यावरील मच्छीमारांचा आहे, असा समज होणे साहजिक आहे. तथापि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील इंदापूर व बारामती या तालुक्यांचाही त्याच्याशी निकटचा संबंध आहे. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयात मासेमारी करणारी कुटुंबे आज याच प्रश्नाला दोन बाजूंनी तोंड देत आहेत. एका बाजूस वाढ होण्यापूर्वीच पकडली जाणारी लहान मासळी आहे. दुसऱ्या बाजूस जाळी भरून येणारा परंतु कोणाच्याही उपयोगी न पडणारा परदेशी सकर मासा आहे. जगातील काही देशांनी टाकाऊ पकड थांबविण्यासाठी 'संपूर्ण पकड काठावर आणण्याचा' नियम केला आहे. त्या नियमाचे स्वरूप काय, त्याचे गुणदोष कोणते आणि उजनीच्या संदर्भात त्यातून काय घेण्यासारखे आहे, याचा विचार या लेखात केला आहे.

टाकाऊ पकड का निर्माण होते?

कोणतेही जाळे केवळ हवा तोच मासा पकडत नाही. जाळ्याच्या चौकटीस मच्छीमार 'आस' म्हणतात. आस जितका बारीक, तितके लहान मासे त्यात अडकतात. कल्ली जाळ्यात मासा डोके घालतो व कल्ल्यांपाशी अडकतो. त्यामुळे त्या जाळ्यात विशिष्ट आकाराचेच मासे प्रामुख्याने सापडतात. त्याहून लहान मासे आरपार निघून जातात. ओढून आणण्याच्या जाळ्याचे तसे नसते. ते पाण्याचा मोठा भाग वेढून घेते आणि त्यात जे काही असेल ते सरसकट काठाकडे आणते. समुद्रात तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याचेही हेच वैशिष्ट्य आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०१० ते २०१४ या काळात जगातील सागरी मासेमारीत दरवर्षी सरासरी सुमारे ९१ लाख टन मासळी टाकून देण्यात येत होती. एकूण सागरी पकडीच्या दहा टक्क्यांहून हे प्रमाण थोडे अधिक होते. यातील जवळजवळ निम्मा वाटा तळाच्या ट्रॉल जाळ्यांचा होता. याच संघटनेच्या १९९४ मधील अंदाजात हा आकडा २ कोटी ७० लाख टन इतका मोठा होता. दोन्ही वेळच्या गणनेच्या पद्धती वेगळ्या असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही. मात्र मधल्या काळात अनेक देशांत पूर्वी फेकली जाणारी मासळी पशुखाद्य व मत्स्यखाद्यासाठी विकली जाऊ लागली, हे घट होण्यामागील एक कारण आहे. या कारणाचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल, कारण त्यातच या प्रश्नाची खरी अडचण दडलेली आहे.

टाकून दिलेली मासळी बहुतांशी मृत असते. खोल पाण्यातून वर येताना झालेली इजा, जाळ्यातील दाब आणि हवेत गेलेला वेळ यांमुळे ती परत पाण्यात टाकली तरी वाचत नाही. म्हणजे मासा मेला तो मेलाच. शिवाय त्याचे पैसे झाले नाहीत, तो कोणाच्या अन्नात आला नाही आणि त्याची नोंदही राहिली नाही.

'संपूर्ण पकड काठावर' हा नियम

या हानीवर नॉर्वेने १९८७ मध्ये कठोर उपाय योजला. कॉड व हॅडॉक या महत्त्वाच्या माशांची पकड समुद्रात फेकून देण्यास त्या देशाने बंदी घातली. पुढे हा नियम इतर जातींनाही लागू करण्यात आला. जाळ्यात आलेला मासा लहान असो वा ठरलेल्या कोट्याबाहेरचा असो, तो बंदरात आणलाच पाहिजे व त्याची नोंद झालीच पाहिजे, असे हे तत्त्व आहे. मात्र नॉर्वेने नुसती बंदी घालून काम संपविले नाही. ज्या भागात लहान मासे अधिक प्रमाणात आढळतील तो भाग मासेमारीसाठी तात्पुरता बंद करण्याची व्यवस्था केली. लहान मासा निसटून जावा यासाठी जाळ्यात जाळीदार चौकट बसविणे बंधनकारक केले. नियमबाह्य पकड बंदरात आणल्यास तिच्या विक्रीतील लहानसाच हिस्सा मच्छीमाराला मिळेल, अशी तजवीज केली. ती आणण्याचा खर्च भागावा, परंतु ती पकडण्याचा मोह होऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

युरोपीय संघाने २०१३ मध्ये आपल्या मत्स्यधोरणात हेच तत्त्व स्वीकारले आणि २०१५ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने ते अमलात आणले. या नियमानुसार किमान आकाराहून लहान मासाही काठावर आणावा लागतो, परंतु तो माणसांच्या थेट खाण्यासाठी विकता येत नाही. ज्या जाती पाण्यात परत सोडल्यावर जगण्याची शक्यता अधिक असते, त्यांना शास्त्रीय पुराव्याच्या आधारे सवलत देण्यात आली आहे. युरोपातील अनुभव मात्र संमिश्र आहे. खोल समुद्रात प्रत्येक होडीवर लक्ष ठेवणे अवघड असल्याने नियमाची अंमलबजावणी अनेक ठिकाणी अपुरी राहिली. त्यामुळे मोठ्या नौकांवर कॅमेरे बसविण्याचा मार्ग पुढे आला.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. संपूर्ण पकड काठावर आणण्याच्या नियमाचा उद्देश लहान मासा काठावर आणणे हा नाही. तो मुळात जाळ्यातच येऊ नये, हा आहे. नको असलेली मासळी वाहून आणण्याचा भार मच्छीमारावर पडला, की तो आपोआप मोठ्या आसाचे जाळे वापरू लागतो, लहान मासळीची ठिकाणे टाळू लागतो आणि वेळ निवडू लागतो. निवड होडीवर होण्याऐवजी पाण्यात, जाळे टाकण्यापूर्वीच होते.

नियमाची दुसरी बाजू

येथे एक धोका आहे. काठावर आणलेल्या लहान मासळीला चांगला भाव मिळू लागला, तर तीच पकडण्यासाठी जाळी टाकली जातील. मग टाकाऊ पकड थांबली असे कागदोपत्री दिसेल, पण पाण्यातील मासळी मात्र अधिक वेगाने संपेल. भारताच्या किनाऱ्यावर हा अनुभव आलेला आहे. पूर्वी समुद्रात फेकली जाणारी बारीक मासळी आता ट्रॉलर बंदरात आणतात व ती फिशमील बनविणाऱ्या कारखान्यांना विकतात. तिच्यात सुरमई, पापलेट, बांगडा यांसारख्या मोलाच्या माशांची पिलेही असतात. वाढल्यावर ज्यांना चांगला दर मिळाला असता, ती पिले मातीमोलाने जातात.

महाराष्ट्र शासनाने यावर २०२३ मध्ये एक महत्त्वाचे पाऊल उचलले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींच्या आधारे सागरी मासळीच्या ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार निश्चित करण्यात आला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ व त्यातील २०२१ ची सुधारणा यांच्या चौकटीत ही व्यवस्था बसते. केरळ राज्याने असा उपक्रम त्यापूर्वीच, २०१५ मध्ये हाती घेतला होता. किमान आकाराचा नियम पिलांच्या बाजारावर बंधन घालतो. परंतु तो एकटा असल्यास लहान मासा समुद्रातच फेकून येण्याची वृत्ती बळावते. उलट संपूर्ण पकडीचा नियम एकटा असल्यास पिलांचा बाजार वाढतो. म्हणून किमान आकार, जाळ्याचा आस आणि पकडीची नोंद या तीन गोष्टी एकत्र असल्याशिवाय यश येत नाही.

यशवंतसागर आणि त्यावरील जीवन

हे सागरी नियम उजनीला लागू नाहीत. तेथील तत्त्व मात्र लागू पडते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात बांधलेल्या या धरणाच्या जलाशयास यशवंतराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ 'यशवंतसागर' असे नाव आहे. सुमारे ११७ टीएमसी एकूण साठवण असलेला हा जलाशय भीमेच्या पात्रातून वर पसरत पुणे, सोलापूर व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांना स्पर्श करतो. त्यातील सुमारे निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. त्यामुळे दुष्काळी वर्षांतही येथे मासळीला आश्रय मिळतो, ही मत्स्यव्यवसायाच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे.

या धरणासाठी भीमाकाठच्या अनेक गावांनी आपली जमीन व घरे दिली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. पाणी खूप खाली गेले म्हणजे ते आजही दिसू लागते. पूर्वी वाहत्या नदीत मासे धरणारे भोई बांधव जलाशयात मासेमारी करू लागले. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या परिसरात आज मासेमारी हा अनेक कुटुंबांचा प्रमुख व्यवसाय आहे. इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या इंदापूर व भिगवण येथील बाजारांत मासळीचे लिलाव होतात. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ, वाम, शिंगटा अशी नाना प्रकारची मासळी तेथे येते. बारामती, दौंड आणि पुण्याच्या ग्राहकापर्यंत ती पोहोचते. भिगवणची मासळी खाण्यासाठी दुरून येणाऱ्या प्रवाशांमुळे परिसरात खाणावळींचा व्यवसायही उभा राहिला आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यास येणारे पर्यटक हा त्यास मिळालेला आणखी एक आधार होय.

ही सर्व उलाढाल पाण्यात मासा वाढतो, या एकाच गोष्टीवर उभी आहे.

बारीक आसाचे जाळे : उद्याच्या उत्पन्नाची आजच विक्री

कटला, रोहू व मृगळ हे प्रमुख कार्प मासे स्थिर पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर जाऊन ते अंडी घालतात. म्हणून जलाशयातील त्यांची संख्या टिकविण्यासाठी मत्स्यबीज सोडावे लागते. सोडलेले बोटुकलीच्या आकाराचे बीज वर्षभर सुरक्षित राहिले, तर त्याचे वजन पाऊण ते एक किलोपर्यंत जाऊ शकते. कटला त्याहूनही वेगाने वाढतो. परंतु अंडी घालण्याइतकी वाढ होण्यास या माशांना साधारणतः दोन ते तीन वर्षे लागतात.

उजनीत बारीक आसाच्या लांब जाळ्याने पाणी वेढून लहानमोठी सर्व मासळी ओढून काढण्याची जी पद्धत आहे, ती परिसरात 'वडाप' या नावाने ओळखली जाते. या पद्धतीविरुद्ध स्थानिक मच्छीमारांनीच वारंवार आवाज उठविला आहे. तिचा परिणाम समजण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. समजा, एका फेरीत प्रत्येकी ५० ग्रॅम वजनाची १० किलो पिले पकडली गेली. म्हणजे २०० मासे गेले. त्यांपैकी निम्मी पिले नैसर्गिक कारणांनी मेली असती असे धरले, तरी उरलेली १०० पिले प्रत्येकी एक किलोची झाल्यावर १०० किलो मासळी मिळाली असती. दहा किलोसाठी शंभर किलो गमावणे हा व्यवहार कोणताही शेतकरी आपल्या उसात करणार नाही. कोंब फुटताच ऊस कापण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच, की ऊस एकाच्या मालकीचा असतो. जलाशयातील मासा सर्वांचा असतो. त्यामुळे लाभ एकाच्या पदरात पडतो आणि हानी सर्वांत वाटली जाते.

लहान मासळीचा काही भाग सुकविण्यासाठी किंवा कमी भावाने विकला जातो. जो विकण्यायोग्य नसतो, तो काठावर पडून राहतो. मत्स्यबीज सोडण्यासाठी झालेला सार्वजनिक खर्च अशा रीतीने काठावरच्या चिखलात मिसळतो.

सकर मासा : न विकली जाणारी पकड

दुसरी बाजू सकर माशाची आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा. काचेच्या पेटीतील शेवाळ खाऊन ती स्वच्छ ठेवतो म्हणून शोभेच्या माशांच्या व्यापारातून तो भारतात आला. पेटीत मावेनासा झाला म्हणजे लोक त्याला जवळच्या नदीत किंवा तळ्यात सोडतात. दयाबुद्धीने केलेली ही कृती नदीला फार महाग पडते. सकर माशाचे अंग कठीण हाडासारख्या कवचाने झाकलेले असते व परांना तीक्ष्ण काटे असतात. त्यामुळे येथील शिकारी माशांना तो सहज गिळता येत नाही. तो हवेतून श्वास घेऊ शकतो. म्हणून पाण्याबाहेर काढल्यावरही कित्येक तास जिवंत राहतो. कमी प्राणवायूच्या, सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यातही तो टिकून राहतो. काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो व नर त्यांची राखण करतो.

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या मुळा-मुठेचा भीमेशी संगम रांजणगाव सांडस येथे होतो. हे पाणी पुढे उजनीत साठते. सेंद्रिय द्रव्यांनी समृद्ध असे हे पाणी व त्यातील शेवाळ सकर माशाला मानवले आहे. मच्छीमाराने रात्री जाळे टाकावे आणि पहाटे ते काट्यांनी गुंतलेल्या सकर माशांनी भरलेले निघावे, असे प्रसंग वाढत आहेत. मासा सोडविताना जाळे फाटते, हात जखमी होतात, वेळ जातो आणि पदरात काहीच पडत नाही. अखेरीस ती पकड काठावर फेकली जाते किंवा त्रासून पुन्हा पाण्यात लोटली जाते. काठावर उथळ पाण्यालगत टाकलेले मासेही सरपटत परत पाण्यात जाऊ शकतात.

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, याचे उदाहरण मेक्सिको देशातील इन्फिएर्निओ या जलाशयात मिळते. तेथे चिलापीच्या जातीच्या माशांची मासेमारी एकेकाळी भरभराटीस आलेली होती आणि लॅटिन अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या मोठ्या मत्स्यक्षेत्रांत त्या जलाशयाची गणना होत असे. या शतकाच्या आरंभी तेथे सकर माशाचा शिरकाव झाला. काही वर्षांतच जाळ्यात येणाऱ्या पकडीचा बहुतांश भाग सकर माशांचाच होऊ लागला आणि हजारो मच्छीमारांच्या उपजीविकेवर संकट आले. तेथेही प्रथम ही पकड काठावर फेकली जात होती. नंतर तिच्यापासून खाद्य व इतर वस्तू बनविण्याचे प्रयत्न सुरू झाले. उजनीने तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

येथे आफ्रिकन मांगूर माशाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. हा मासा अतिशय खादाड असून स्थानिक मासळीचा फडशा पाडतो. त्याच्या संवर्धनावर बंदी आहे व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार त्याचे साठे नष्ट करण्याची कारवाई राज्यात झालेली आहे. आपला देशी मांगूर हा त्याहून वेगळा मासा आहे. दोहोंतील भेद शेततळ्यात मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी ओळखणे आवश्यक आहे. बारामती तालुक्यातील कऱ्हेचे पाणी नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यातील नरसिंगपूर येथे, उजनीच्या खाली, भीमेस मिळते. म्हणून बारामतीच्या शेततळ्यातून निसटलेला परदेशी मासा उजनीत न जाता धरणाखालील भीमेत पोहोचेल. हानी तेथेही तितकीच होईल.

उजनीसाठी तीन वर्गांचा नियम

नॉर्वेचा नियम जसाच्या तसा उजनीला लावता येणार नाही. सागरी ट्रॉलर आणि भोई बांधवाची होडी यांत मोठा फरक आहे. जलाशयातील जाळे थोड्या वेळात काठाशी येते, त्यातील काही मासळी जिवंत असते आणि होडीवर निवड करणे शक्य असते. म्हणून जाळ्यात आलेल्या मासळीचे तीन वर्ग करून विचार करणे सोयीचे ठरेल.

पहिला वर्ग स्थानिक व संवर्धित जातींच्या जिवंत पिलांचा. ही पिले शक्य तितक्या लवकर, पाण्यातच हाताळून परत सोडावीत. युरोपीय नियमातही जगण्याची शक्यता असलेल्या जातींना अशीच सवलत आहे.

दुसरा वर्ग मृत लहान मासळीचा. ती पाण्यात न टाकता काठावर आणावी व तिची नोंद व्हावी. मात्र तिच्यातून मच्छीमाराला नफा होऊ नये; फार तर वाहतुकीचा खर्च निघावा. ज्या होडीकडून अशी मासळी वारंवार व मोठ्या प्रमाणावर येईल, तिच्या जाळ्याचा आस तपासला जावा.

तिसरा वर्ग सकर मासा व आफ्रिकन मांगूर यांसारख्या परदेशी उपद्रवी माशांचा. येथे संपूर्ण पकड काठावर आणण्याचा नियम कोणत्याही सवलतीशिवाय लागू करावा. हा मासा जिवंत अथवा मृत, पुन्हा पाण्यात जाता कामा नये. तो काठापासून दूर, ठरलेल्या संकलन ठिकाणी जमा व्हावा. पिलांच्या बाबतीत नफ्याचा मोह टाळायचा आहे. सकर माशाच्या बाबतीत मात्र मच्छीमाराला थोडा मोबदला मिळणे उपयुक्त ठरेल. अर्थात मोबदल्यासाठी कोणी हा मासा तळ्यात वाढवू लागणार नाही, याची दक्षता संकलन केंद्राने घेतली पाहिजे.

जाळ्यांच्या साधनांवर व आसाच्या आकारावर निर्बंध घालण्याचे अधिकार महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० अन्वये शासनास आहेत. परंतु जलाशय तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इंदापूरच्या काठावर बारीक जाळे बंद झाले आणि समोरच्या करमाळ्याच्या काठावर ते चालू राहिले, तर नियमाला अर्थ उरणार नाही. पाण्यातील माशाला तालुक्याची हद्द ठाऊक नसते. म्हणून तिन्ही जिल्ह्यांचा समान नियम आणि जलसंपदा विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग, पोलीस व बाजार समित्या यांच्यात समन्वय आवश्यक आहे.

काठावर आलेल्या पकडीचे काय करावे?

नको असलेली मासळी काठावर आणावयाची तर तिची विल्हेवाट लावण्याची सोय हवी. अन्यथा दुर्गंधी व रोगराई यांची भर पडेल. या परिसराला या बाबतीत एक अनुकूलता आहे. बारामती व इंदापूर हा साखर कारखान्यांचा प्रदेश आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांमुळे मळी, उसाची चिपाडे व पाचट ही द्रव्ये येथे विपुल आहेत.

मासळी यंत्राने बारीक करून तिच्यात वजनाच्या सुमारे तीन टक्के फॉर्मिक आम्ल मिसळले, तर तिची आम्लता वाढून ती कुजत नाही व काही दिवसांत दाट द्रवरूप होते. यास मासळीचे सायलेज म्हणतात. आम्लाऐवजी मळी किंवा गूळ आणि दह्यातील जिवाणू वापरून आंबविण्याच्या पद्धतीनेही ते तयार होते. गुरांसाठी हिरव्या चाऱ्याचा मुरघास करण्याची रीत शेतकऱ्यांना परिचित आहे. तत्त्व तेच आहे. असे सायलेज कुक्कुटखाद्य व मत्स्यखाद्य यांत प्रथिनांचा पुरवठा करू शकते. खाद्यासाठी उपयोग होत नसल्यास चिपाडे, पाचट व मासळी यांचे थर रचून उत्तम कंपोस्ट खत करता येते. मासळीत नत्र भरपूर असते व पाचटात कर्ब. दोन्ही योग्य प्रमाणात आले म्हणजे कुजण्याची क्रिया दुर्गंधीशिवाय होते.

येथे दोन दक्षता घेतल्या पाहिजेत. सकर मासा तळाचा गाळ खातो आणि उजनीत शहरी व औद्योगिक सांडपाणी येते. त्यामुळे त्याच्यापासून केलेल्या पदार्थातील जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय तो पशुखाद्यात वापरू नये. तसेच त्याचे कवच कठीण असल्याने साध्या यंत्राने तो बारीक होत नाही. त्यासाठी मजबूत यंत्राची गरज लागते. बारामती येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था व मत्स्यव्यवसाय विभाग यांनी एकत्र येऊन एखाद्या गावी प्रायोगिक संकलन केंद्र चालवून पाहिल्यास खर्च व उत्पन्नाचा खरा अंदाज येईल.

नोंद हेच पहिले पाऊल

या सर्वांचा पाया नोंद हा आहे. भिगवण व इंदापूर येथील लिलावात विकल्या जाणाऱ्या मासळीबरोबरच न विकल्या गेलेल्या पकडीचीही नोंद ठेवता येईल. त्यासाठी मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. दिनांक, गाव, जाळ्याचा प्रकार व आस, विकलेली मासळी किती किलो, लहान मासळी किती किलो आणि सकर मासा किती किलो, एवढे सहा रकाने पुरेसे आहेत. अशी वही दोन पावसाळ्यांपर्यंत नियमित भरली गेली, तर कोणत्या भागात व कोणत्या महिन्यात पिले अधिक सापडतात, हे कळेल. त्यावरून तो भाग त्या काळापुरता मासेमारीसाठी बंद ठेवण्याचा निर्णय मच्छीमार संस्थांना स्वतःच घेता येईल. नॉर्वेत जे काम सरकारी जहाजे करतात, ते येथे एका वहीने साधता येण्यासारखे आहे.

मात्र नोंद शिक्षेसाठी वापरली जाईल अशी भीती निर्माण झाल्यास खरी नोंद कोणी देणार नाही. आरंभीच्या काळात वहीचा उपयोग माहितीसाठीच होईल, असे आश्वासन मच्छीमारांना मिळणे आवश्यक आहे.

ग्रामपंचायत व शाळांचे कार्य

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय पंचायतींकडे सोपविण्याच्या विषयांत समाविष्ट आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे व लोकजैवविविधता नोंदवही हे त्या समितीचे काम आहे. जलाशयाकाठच्या ग्रामपंचायतींनी आपल्या नोंदवहीत स्थानिक मासे, त्यांची बोलीभाषेतील नावे, विणीचा काळ व परदेशी माशांचा प्रादुर्भाव यांची माहिती घ्यावी. वयोवृद्ध भोई बांधवांना धरणापूर्वीची नदी आठवते. ती माहिती लिहून ठेवण्यास आता फार वर्षे हाती उरलेली नाहीत. संकलन केंद्रासाठी गावठाणापासून दूर जागा देणे, ग्रामसभेत वडापविरोधी ठराव करणे आणि होडीमालकांची सभा बोलाविणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत.

शिक्षकांचा वाटाही तितकाच मोलाचा आहे. विद्यार्थ्यांनी जाळ्याचा आस पट्टीने मोजावा, बाजारात आलेल्या माशांची लांबी नोंदवावी व त्यांचा आलेख काढावा. गणित, विज्ञान आणि भूगोल हे तिन्ही विषय त्यात एकत्र येतात. शोभेचा मासा नदीत सोडू नये, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसली तर ती घरापर्यंत पोहोचते. बारामतीसारख्या शहरात, जेथे घरोघरी माशांच्या पेट्या दिसतात, तेथे हा संस्कार विशेष आवश्यक आहे.

धरणाने ज्यांची जमीन घेतली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना या पाण्याने उपजीविका दिली. ती टिकवावयाची असेल, तर जाळ्यातून आलेल्या प्रत्येक माशाचा हिशेब लागला पाहिजे. लहान मासा पाण्यात वाढला पाहिजे, मेलेला मासा वाया न जाता नोंदीत आला पाहिजे आणि परका मासा पुन्हा पाण्यात जाता कामा नये. हे तीन नियम काठावरच्या गावांनी स्वतःहून स्वीकारले, तर शासनाच्या नियमांना बळ येईल आणि भिगवणच्या लिलावात येत्या काळातही कटला व रोहू यांची बोली लागत राहील.